बंद दारे आणि जगाचे ताट

१२ मे २०२२ रोजी भारत सरकारने जाहीर केले की, गव्हाच्या निर्यातीच्या शक्यता पडताळून पाहण्यासाठी मोरोक्को, ट्युनिशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तुर्कस्तान आदी नऊ देशांत व्यापारी शिष्टमंडळे पाठविली जातील. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवार १३ मे रोजी, विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि गव्हाची निर्यात तत्काळ बंद झाली. ज्यांच्या सौद्याला बँकेचे अपरिवर्तनीय पतपत्र त्या तारखेपर्यंत मिळाले होते, त्यांच्यापुरती वाट मोकळी राहिली. बाकीचा माल जिथल्या तिथे अडकला. कांडला बंदराबाहेर गव्हाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा लागल्या. बंदराच्या गोदामांत माल, रस्त्यावर माल, परदेशी ग्राहकाला दिलेला शब्द मात्र अधांतरी, अशी निर्यातदारांची अवस्था झाली.

भुसार, किराणा आणि खाद्यतेलाच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या कुटुंबांना बाजारभावाची चढउतार नवी नाही. पाऊस, आवक, सण, लग्नसराई यांचे आडाखे बांधूनच पेढी चालते. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत या आडाख्यांत एक नवी गोष्ट शिरली आहे. लातूरच्या तुरीचा भाव मोझांबिकशी, सांगलीच्या दुकानातील तेलाच्या डब्याचा भाव जकार्ताशी आणि शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीची खरी किंमत युरोपातील गॅसच्या बाजाराशी बांधली गेली आहे. हवामान, ऊर्जा आणि अन्न हे तीन स्वतंत्र विषय उरलेले नाहीत. या तिन्हींच्या गाठी जेथे पडतात, तेथे सरकारे घाईने दारे बंद करतात आणि त्याची किंमत दूरच्या कोणाला तरी मोजावी लागते. ती किंमत कोण मोजतो आणि ती कमी कशी करता येईल, हाच आज आंतरराष्ट्रीय धोरणापुढील अवघड प्रश्न आहे.

उन्हाने बिघडविलेला हिशेब

२०२२ च्या गहूबंदीमागे एक खरे कारण होते. त्या वर्षीचा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींतील भारतातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात गव्हाचा दाणा भरण्याच्या ऐन वेळी उन्हाची लाट आली. अशा वेळी उष्णता वाढली की पीक लवकर पिकते, दाण्याला भरण्यास दिवस मिळत नाहीत आणि तो सुरकुततो. हे नुकसान इतके सरसकट होते की, सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. फेब्रुवारीत १,११३ लाख टनांचा असलेला उत्पादनाचा अंदाज मे महिन्यात सुमारे १,०६० लाख टनांवर आणला गेला.

त्याच सुमारास रशिया-युक्रेन युद्धामुळे जागतिक भाव भडकलेले होते. क्विंटलला २,०१५ रुपये या हमीभावापेक्षा व्यापारी अधिक दर देत होते, म्हणून शेतकऱ्यांनी माल सरकारी केंद्रांऐवजी बाजारात नेला. आदल्या हंगामात सुमारे ४३३ लाख टन झालेली सरकारी खरेदी या हंगामात १८८ लाख टनांवर थांबली. सुमारे ८० कोटी लोकांना शिधा देण्याची जबाबदारी ज्या सरकारवर आहे, त्याला हा आकडा पाहून झोप लागणे कठीण होते. त्यामुळे बंदीचा निर्णय अकारण होता, असे म्हणता येत नाही.

तरीही त्याचे परिणाम तपासले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी जर्मनीत जमलेल्या जी-७ देशांच्या कृषिमंत्र्यांनी भारतावर टीका केली. पुढील आठवड्याचा बाजार उघडताच गव्हाचे जागतिक भाव आणखी उसळले. देशातील भावही बंदीने कायमचे खाली आले नाहीत. जानेवारी २०२३ पर्यंत ते इतके चढले की, सरकारला आपल्या साठ्यातील ३० लाख टन गहू खुल्या बाजारात आणण्याची घोषणा करावी लागली. जूनमध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली, ती पुढे वेळोवेळी आणखी खाली आणली गेली. दार बंद केल्यावर आतली व्यवस्थाही आवळत न्यावी लागली, असा हा क्रम आहे.

भरल्या कोठारांतली टंचाई

निर्यातबंदीने जगात काय घडते, याचा सर्वांत मोठा धडा २००७-०८ मध्ये मिळाला होता. त्या वर्षी जगात तांदळाचे पीक बुडाले नव्हते. उलट उत्पादन उत्तम झाले होते. परंतु गव्हाचे आणि खनिज तेलाचे भाव वाढत होते, आणि त्या काळजीने भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध आणले. मग व्हिएतनामने हात आखडता घेतला. पाठोपाठ इजिप्त आणि कंबोडिया यांनीही तेच केले. तांदळाचा तेव्हाचा सर्वांत मोठा आयातदार असलेल्या फिलिपिन्सने घाबरून एकामागून एक मोठ्या निविदा काढल्या, आणि प्रत्येक निविदेबरोबर भाव वर सरकला. २००८ च्या आरंभी टनाला चारशे डॉलरच्या आत असलेला थायलंडचा तांदूळ मे महिन्यापर्यंत हजार डॉलरवर गेला.

या घटनेचा उलगडा जसा झाला, तो अधिक बोधप्रद आहे. जागतिक व्यापार करारानुसार जपानला दरवर्षी ठरावीक तांदूळ आयात करावा लागतो. जपानी लोकांना तो फारसा रुचत नसल्याने तो गोदामांत पडून असतो. मूळ विक्रेत्या अमेरिकेचा आक्षेप नसेल तर हा तांदूळ फिलिपिन्सला देता येईल, असे २००८ च्या मे महिन्यात जाहीर झाले. व्हिएतनामचे नवे पीकही बाजारात येऊ लागले होते. जपानचा तांदूळ प्रत्यक्षात जहाजावर चढण्यापूर्वीच भाव उतरू लागले. मालाची घोषणा झाली एवढ्यानेच भीती ओसरली. याचा अर्थ असा की भाव चढविणारी टंचाई बऱ्याच अंशी भीतीची होती. विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे केलेल्या अभ्यासात असे आढळले की, त्या काळातील तांदळाच्या भाववाढीपैकी सुमारे ४५ टक्के आणि गव्हाच्या भाववाढीपैकी सुमारे ३० टक्के वाटा सरकारांनी सीमेवर घेतलेल्या निर्णयांचा होता.

दोनच वर्षांनी, २०१० च्या उन्हाळ्यात, रशियात भीषण उष्णतेची लाट आणि दुष्काळ आला. १५ ऑगस्टपासून रशियाने धान्याची निर्यात थांबविली. गव्हाचे जागतिक भाव झपाट्याने वाढले. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी आफ्रिकेतील मोझांबिक देशाच्या मापुटो या राजधानीत पाव महागल्यामुळे लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली आणि माणसे मेली. रशियाच्या शेतात पडलेल्या उन्हाची किंमत हजारो कोसांवरच्या गरिबाने मोजली.

बंदी घालणाऱ्या प्रत्येक देशाचा विचार वेगळा घेतला तर तो समजण्यासारखा असतो. घरात धान्य कमी आहे असे वाटले, तर कोणीही कोठी बंद करील. परंतु गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी कोठी बंद केली, तर ज्याच्या घरी कोठीच नाही त्याने जायचे कोठे? जगातील अनेक देश असे कोठी नसलेले आहेत. त्यांचे अन्न रोजच्या खरेदीवर चालते.

खत, इंधन आणि तेलाचा डबा

हवामानामुळे पीक घटते हे सहज कळते. ऊर्जेमुळे अन्न महाग कसे होते, ते तितके डोळ्यांसमोर येत नाही. त्याचा पहिला मार्ग खताचा. युरिया बनविण्यासाठी लागणारा अमोनिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून तयार होतो. या खताच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा गॅसचाच असतो. रशियाच्या गॅसचा पुरवठा आटल्यावर २०२२ मध्ये युरोपात गॅसचे भाव विक्रमी पातळीवर गेले आणि तेथील कित्येक अमोनिया कारखान्यांनी उत्पादन कमी केले. त्याआधीच, २०२१ च्या अखेरीस, चीनने आपल्या खतांच्या निर्यातीवर लगाम घातला होता.

भारतातील शेतकऱ्याला मात्र ४५ किलोची युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांनाच मिळत राहिली. वाढलेला भार सरकारने उचलला. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात खत अनुदानासाठी सुमारे १ लाख ५ हजार कोटी रुपये धरले होते. वर्षअखेरीस हा खर्च अडीच लाख कोटींच्या वर गेला. शेतकऱ्याला झळ लागली नाही, पण ती करदात्याला लागली. ज्या देशांकडे असे अनुदान देण्याची ऐपत नव्हती, तेथे शेतात खतच कमी पडले.

गॅसच्या बाजारातही धान्यासारखेच घडले. युरोपातील श्रीमंत देशांनी वाटेल त्या भावाने द्रवरूप गॅसची जहाजे आपल्याकडे वळविली. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने दहा जहाजांसाठी काढलेल्या निविदेला एकही विक्रेता पुढे आला नाही. पाकिस्तान आणि बांगलादेशात तासन्‌तास वीज जाऊ लागली. ज्यांनी युद्धाचा निषेध केला त्यांच्याच खरेदीने दक्षिण आशियातील घरे अंधारात गेली, ही त्या वर्षाची एक कडवट नोंद आहे. गव्हाच्या बंदीवरून भारताला बोल लावणाऱ्यांनी आपल्या गॅसखरेदीचाही हिशेब मांडला असता, तर चर्चा अधिक प्रामाणिक झाली असती.

दुसरा मार्ग जैवइंधनाचा. इंडोनेशिया जगातील निम्म्याहून अधिक पामतेल पिकवितो. खनिज तेलाची आयात कमी व्हावी म्हणून त्या देशाने डिझेलमध्ये पामतेलापासून केलेले इंधन मिसळण्याचे प्रमाण २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्के असे वाढवीत नेले. त्याच्या दृष्टीने ही ऊर्जासुरक्षा आहे. परंतु जे तेल इंधनाच्या टाकीत जाते, ते तळणीच्या कढईपर्यंत येत नाही. भारत आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा आहे.

युक्रेनमधून येणारे सूर्यफूल तेल थांबलेले असताना, २८ एप्रिल २०२२ पासून इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. आपल्या नागरिकांना स्वयंपाकाचे तेल स्वस्त मिळावे, हा हेतू होता. घडले ते वेगळेच. तीन आठवड्यांत तेथील तेलाच्या टाक्या भरून वाहू लागल्या, गिरण्यांनी माल घेणे कमी केले आणि पामच्या घडांचा भाव पडल्याने लहान शेतकरी जकार्तात निदर्शनांसाठी आले. २३ मे रोजी बंदी उठली. मग अडकलेला माल एकदम बाहेर पडला. मार्च-एप्रिलमध्ये टनाला सात हजार रिंगिटवर गेलेले मलेशियाच्या बाजारातील पामतेल जुलैच्या मध्यापर्यंत चार हजारांच्या खाली आले. टंचाईच्या भीतीने चढ्या भावात माल बांधलेल्या आयातदारांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना तो तोटा सोसावा लागला. ज्या ग्राहकासाठी आणि ज्या शेतकऱ्यासाठी बंदी घातली, त्यांपैकी कोणाचेच त्यात फारसे भले झाले नाही.

भारतही याच वाटेवरचा प्रवासी आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ चे केले गेले आणि ते गाठलेही गेले. परकीय चलन वाचले, महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना उत्पन्नाचे नवे साधन मिळाले, ऊसबिले वेळेवर देणे सोपे झाले. परंतु २०२३ मध्ये पावसाने दगा देताच ७ डिसेंबर रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. त्यासाठी कर्जे काढून यंत्रसामग्री उभारलेल्या कारखान्यांची कोंडी झाली. आठवडाभरात निर्बंध थोडे सैल झाले आणि पुढील वर्षी ऑगस्टमध्ये उठले. दरम्यान इथेनॉलचा भार मक्यावर गेला. वर्षानुवर्षे मका निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणावा लागला. कोंबड्यांचे आणि जनावरांचे खाद्य त्यामुळे महागले. गाडीचे इंधन, साखर आणि पशुखाद्य यांचा एकत्र हिशेब मांडल्याखेरीज ऊर्जेचे धोरण पुरे होत नाही, हे या एका वर्षाने दाखवून दिले.

तुरीचा झोका

महाराष्ट्राला या प्रश्नाची सर्वांत जवळून ओळख झाली ती तुरीमुळे. २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी पाऊस कमी झाला. तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. साठ्यांवर मर्यादा आल्या, छापे पडले, आणि सरकारने बाहेरच्या देशांकडे धाव घेतली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला. काही वर्षांत तेथून २ लाख टनांपर्यंत डाळी घेण्याची हमी भारताने दिली. मोझांबिकच्या लहान शेतकऱ्यांनी तूर वाढविली. तेथील लोक ती फारशी खात नाहीत, ती प्रामुख्याने भारतासाठीच पिकते.

इकडे चढा भाव आणि चांगला पाऊस पाहून विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनीही तूर पेरली. २०१५-१६ मध्ये सुमारे २५ लाख टन असलेले देशाचे उत्पादन २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या वर गेले. भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळले. खरेदी केंद्रांवर बारदान संपले आणि शेतकरी गाड्या घेऊन दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले. आपल्या शेतकऱ्याला वाचविण्यासाठी ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वार्षिक मर्यादा आली. सरकारी करारापुरती मोझांबिकची तूर त्या मर्यादेतून वगळली होती. तरी खासगी व्यापाराचे दार आक्रसताच मोझांबिकमधील तुरीचा भाव कोसळला. भारताच्या भरवशावर पेरणी केलेला तेथील शेतकरी आणि सरकारच्या आवाहनावरून पेरणी केलेला लातूरचा शेतकरी, दोघेही एकाच वर्षी एकाच झोक्याने आपटले.

मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा मुक्त झाली. म्यानमार आणि मलावी या देशांशी पाच वर्षांचे करार झाले. आज किती डाळ कोणाकडून घ्यायची हे आधी ठरविण्याची ही रीत चांगली आहे. परंतु करार टिकायचा तर चांगल्या पिकाच्या वर्षीही तो पाळावा लागतो. टंचाईत आठवण आणि सुकाळात विसर, अशा खरेदीदारासाठी कोणता शेतकरी पेरणी करील?

नियम आहेत, पण तोकडे

जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांचा भर आयातीवर अधिक आहे. परदेशी मालावर किती कर लावावा, देशातील शेतीला किती मदत द्यावी, यांच्या मर्यादा तपशीलवार आहेत. निर्यात थांबविण्याबाबतचे नियम मात्र सैल आहेत. अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी घालता येते. तसे करताना आयातदार देशांचा विचार करावा आणि आगाऊ सूचना द्यावी, अशी अपेक्षा आहे. पण 'गंभीर' म्हणजे किती आणि 'तात्पुरती' म्हणजे किती दिवस, हे ठरलेले नाही. जून २०२२ मध्ये जिनिव्हा येथील मंत्रिपरिषदेत एवढे मात्र ठरले की, जागतिक अन्न कार्यक्रमाने मानवतावादी मदतीसाठी केलेल्या खरेदीवर कोणी निर्यातबंदी लादू नये. पाऊल लहान असले तरी भुकेल्यांच्या दृष्टीने ते मोलाचे आहे.

विकसनशील देशांचीही एक रास्त तक्रार आहे. हमीभावाने धान्य घेऊन सार्वजनिक साठा करण्यावर जे बंधन आहे, त्यात अनुदान मोजण्यासाठी १९८६-८८ मधील भाव आधार धरले जातात. साडेतीन दशकांहूनही जुन्या भावांशी आजचा हमीभाव ताडून पाहिला तर अनुदान फुगलेलेच दिसणार. डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे यावर तात्पुरती सवलत मिळाली, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी दावा दाखल करायचा नाही असे ठरले. तांदळासाठी या सवलतीचा आधार प्रथम भारताने घेतला. कायमचा तोडगा मात्र २०२४ मधील अबू धाबीच्या परिषदेतही निघाला नाही. साठा करू द्यायचा नाही आणि टंचाईत निर्यातही थांबवू द्यायची नाही, या दोन्ही मागण्या एकाच वेळी गरीब देशाकडे करता येणार नाहीत. साठ्याची मोकळीक आणि निर्यातीची शिस्त यांचा सौदा एकत्रच व्हावा लागेल.

माहितीच्या क्षेत्रात थोडी प्रगती झाली आहे. २००८ आणि २०१० च्या अनुभवानंतर जी-२० देशांनी २०११ मध्ये गहू, तांदूळ, मका आणि सोयाबीन यांच्या साठ्यांची व पिकांची माहिती एकत्र करणारी व्यवस्था रोम येथे उभी केली. आसियान देशांनी चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यासह सुमारे ७ लाख ८७ हजार टन तांदळाचा आपत्कालीन राखीव साठा करारबद्ध केला आहे. दक्षिण आशियात सार्क अन्नपेढी २००७ मध्येच ठरली, पण शेजाऱ्यांच्या आपसांतील अविश्वासाने तिचा उपयोग नावापुरता राहिला.

युद्ध चालू असतानाही एखादे दार उघडे ठेवता येते, हे काळ्या समुद्राने दाखविले. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने इस्तंबूल येथे करार झाला आणि एका वर्षात युक्रेनच्या बंदरांतून सुमारे ३३० लाख टन धान्य बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये रशियाने त्यातून अंग काढून घेतले.

दोन्ही बाजूंना उभा असलेला भारत

काळ्या समुद्राचा करार तुटला त्याच आठवड्यात, २० जुलै २०२३ रोजी, भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जागतिक तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के होता, आणि बंद झालेला प्रकार देशाच्या एकूण तांदूळ निर्यातीच्या सुमारे चौथा हिस्सा होता. एल निनोचे सावट होते. त्यानंतरचा ऑगस्ट तर १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला. भीती अनाठायी नव्हती. परंतु अमेरिकेतील भारतीय वाणसामानाच्या दुकानांत तांदळाच्या पिशव्यांसाठी झुंबड उडाली, तांदळाचे जागतिक भाव पंधरा वर्षांच्या उच्चांकावर गेले आणि पश्चिम आफ्रिकेतील देशांना आपल्या वाट्याच्या तांदळासाठी दिल्लीकडे विनंत्या कराव्या लागल्या. काही मित्रदेशांना सरकारी परवानगीने तांदूळ दिला गेला, हे भारताच्या बाजूने नोंदले पाहिजे.

बंदी उठली ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी. तोपर्यंत सरकारी गोदामे तांदळाने ओसंडत होती आणि काही ग्राहक व्हिएतनाम, थायलंड, पाकिस्तान यांच्याकडे वळले होते. भारताचा माल पुन्हा बाजारात आला, सर्वत्र पिके चांगली आली, आणि २०२५ मध्ये भाव अनेक वर्षांच्या नीचांकाकडे घसरले. तेव्हा फिलिपिन्सने १ सप्टेंबर २०२५ पासून साठ दिवसांसाठी तांदळाची आयातच थांबविली, कारण स्वस्त तांदळाने तेथील शेतकरी बुडत होता. २००८ मध्ये वाटेल त्या भावाने तांदूळ मागणारा देश सतरा वर्षांनी तांदूळ नको म्हणून दार लावतो, याहून या प्रश्नाचे स्पष्ट चित्र दुसरे मिळणार नाही.

भारताची स्थिती यात विशेष आहे. तांदळात तो जगाचा विक्रेता आहे. खाद्यतेल, डाळी, गॅस आणि खते यांत तो मोठा खरेदीदार आहे. इंडोनेशियाने पामतेल बंद केले की भारताला जे वाटते, तेच भारताने तांदूळ बंद केला की सेनेगलला किंवा फिलिपिन्सला वाटते. विकत घेताना सर्वांची दारे उघडी हवीत आणि विकताना आपले दार केव्हाही लावण्याची मोकळीक हवी, हे दोन्ही फार काळ एकत्र चालत नाही.

यातून वाट काढण्यासाठी फार मोठ्या कल्पनांची गरज नाही. एका रात्रीत पूर्ण बंदी घालण्याऐवजी आधी जाहीर केलेल्या पातळ्यांनुसार वाढत जाणारा निर्यातकर लावता येतो. साठा अमुक मर्यादेखाली गेला तर कर इतका, हे हंगामापूर्वीच ठाऊक असेल तर शेतकरी, व्यापारी आणि परदेशी ग्राहक तिघेही त्याप्रमाणे आपले करार करतील. बंदी टाळता येत नसेल तर झालेले सौदे पुरे होऊ द्यावेत आणि सर्वांत गरीब आयातदारांचा वाटा राखून ठेवावा. धान्यापासून इंधन करण्याचे प्रमाण पिकाच्या वर्षाप्रमाणे कमी-अधिक होईल अशी सोय पहिल्यापासूनच नियमात असावी, म्हणजे कारखानदाराला आठ दिवसांत धोरण बदलल्याचा धक्का बसणार नाही. आणि उष्णता सहन करणारे गव्हाचे वाण, पाण्याची बचत, तेलबियांचे वाढते उत्पादन यांवर होणारा खर्च हाही अन्नसाठ्याइतकाच आवश्यक मानावा. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, ते याच दिशेचे पाऊल आहे. त्याचे फळ मात्र काही हंगामांनीच दिसेल.

पाऊस आणि ऊन यांचा भरवसा यापुढे कमी होत जाणार आहे. अशा काळात धोरणाचा भरवसा वाढवावा लागतो. पेढीवर एकदा शब्द फिरला तर जुने गिऱ्हाईक परत मिळवायला किती वर्षे लागतात, हे व्यापारी कुटुंबांना कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. तांदळाच्या बाजारात भारताला आज तेच करावे लागत आहे.